मराठवाड्यातील फरश्यांत आणि संग्रहालयांत शंखशिंपल्यांचे जीवाश्म कसे ओळखावेत

मराठवाड्यात जीवाश्म शोधायला निघालेला माणूस बहुधा आधी वेरूळ किंवा देवगिरीच्या कातळाकडे पाहतो. परंतु हा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला लाव्हा आहे, आणि त्यातील पांढरे गोल ठिपके शिंपल्यांसारखे दिसले तरी ती वायूच्या पोकळ्यांत नंतर साठलेली झिओलाइटसारखी खनिजे असतात. बीबी का मकबऱ्याचा संगमरवरही उपयोगाचा नाही, कारण चुनखडीचा संगमरवर होताना तिचे स्फटिक उष्णतेने व दाबाने नव्याने घडतात आणि जीवांच्या खुणा पुसल्या जातात. तेव्हा भिंती सोडून पायांखाली पाहावे.

प्रथम फरशीचे बाजारातले नाव विचारावे, कारण निम्मे काम त्यातच होते. शहाबादी, कडप्पा आणि कोटा या फरश्या चुनखडीच्या असल्या तरी कवचधारी प्राणी अवतरण्याच्या आधीच्या काळातील मानल्या जातात, त्यामुळे त्यांत शिंपला मिळत नाही. त्यांच्यावर कधीकधी नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसते. ती वनस्पती नसून भेगांत पसरलेले मँगॅनीजचे ऑक्साइड असते. ही नक्षी जीवाश्म म्हणून दाखवणारे हौशी लोक मला वारंवार भेटले आहेत. खरी आशा आहे ती जैसलमेरच्या पिवळ्या-तपकिरी दगडात, जो ज्युरासिक म्हणजे डायनासोरांच्या काळातील समुद्रात साचलेला आहे, आणि ‘इटालियन मार्बल’ या नावाने विकल्या जाणाऱ्या फिकट, बदामी रंगाच्या काही फरश्यांत, ज्या प्रत्यक्षात संगमरवर नसून चुनखडी असतात. सराफाचे दालन, मंगल कार्यालय, हॉटेलचा जिना अशा ठिकाणी त्या पाहायला मिळतात.

त्यानंतर परवानगी घेऊन फरशीचा एक भाग ओल्या फडक्याने पुसावा, विजेरी जमिनीलगत तिरपी धरावी आणि दहा पटींचे भिंग डोळ्याजवळ नेऊन पाहावे. येथे एक गोष्ट विसरू नये, ती म्हणजे करवतीने कवच कोणत्याही कोनात कापलेले असते, म्हणून अखंड शंख क्वचितच दिसतो. आडव्या पडद्यांनी कप्पे पाडलेले वेटोळे दिसले तर तो अमोनाइट, म्हणजे माखळीच्या कुळातील नामशेष झालेला कवचधारी समुद्री प्राणी, असण्याचा संभव मोठा. तसेच वेटोळे पडद्यांविना असेल तर ती बहुधा गोगलगाय. शिंपला कापला गेला की नखाच्या कडेसारखी वक्र रेघ उरते. बेलेम्नाइट, म्हणजे माखळीसारख्या नामशेष प्राण्याच्या अंगातील कठीण भाग, उभा कापला तर बंदुकीच्या गोळीसारखा दिसतो, आडवा कापला तर मध्यापासून निघालेल्या किरणांची चकती. मधोमध भोक असलेली आणि प्रकाशात एकसंध चमकणारी बारीक चकती सागरकमळाच्या, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याच्या, देठाची असू शकते.

डोळा तयार करण्यासाठी घरचे देवघरही चालते. गंडकी नदीतील चक्रांकित शाळिग्राम हा बहुतेकदा अमोनाइटच असतो. घरातील वडीलधाऱ्यांची अनुमती घेऊन, अभिषेकानंतर तो ताम्हणात असतानाच पाहावा. वेटोळ्यावरून आडवे जाणारे कंगोरे तोंडाकडे क्रमाने रुंदावत जातात. कोरलेल्या नकली चक्रात ही वाढ सहसा नीट साधलेली नसते.

संग्रहालयात किंवा महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात गेल्यावर नमुन्याआधी चिठ्ठी वाचावी, कारण स्थळ, खडकाचा थर आणि नोंदक्रमांक नसलेला सुंदर शंख अभ्यासाच्या दृष्टीने जवळजवळ मुका असतो. दोन लाव्हाप्रवाहांमधील तळ्यांच्या गाळात सापडणारी ‘फायसा’ ही गोड्या पाण्यातील गोगलगाय तिथे असेल तर आवर्जून पाहावी. नांदेडच्या पूर्वेकडील निर्मळच्या डोंगरांतील असे जीवाश्म ब्रिटिश डॉक्टर व भूशास्त्राचे अभ्यासक माल्कमसन यांनी १८४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात वर्णिले होते. आपल्या काळ्या दगडाशी नाते सांगणारा शंख शोधायचा तर तो असा.

शेवटी फरशीवरील नमुन्याशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे आणि इमारत, मजला, दगडाचे नाव व तो कोठून आणला हे त्याच दिवशी वहीत लिहावे. चुनखडी तपासण्यासाठी आम्लाचा थेंब टाकण्याचा मोह मात्र दुसऱ्याच्या फरशीवर करू नये; लिंबाच्या रसानेही तिचे पॉलिश उडते.