राज्याचा दाखला, केंद्राचा दाखला

एमएस्सी झाल्यावर पीएचडी करणार, असं आर्णीकडच्या आमच्या गावात सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, 'आखीन किती शिकशीन बावा?' जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, असेल तर उत्तर सोपं आहे. पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. फक्त पहिला पैसा हातात यायला काही महिने जातात. माझं मेसचं बिल घरचा कापूस विकेपर्यंत थकलं होतं.

नेट, गेट, जीबिल्स या पीएचडीच्या वाटेवरच्या परीक्षा तुम्हाला ठाऊक आहेत. लाइफ सायन्सेसच्या नेटमध्ये १४५ पैकी ७५च प्रश्न सोडवायचे, आणि २००पैकी १०० गुण एकट्या पार्ट सीचे. तरी पोरं पार्ट बी घोकत बसतात, कारण झेरॉक्स नोट्स तिथवरच असतात. त्या नोट्स चुलीत घाला.

माझं घोडं अडलं ते कागदावर. बारावीपासून नॉन-क्रीमीलेयर होतं, जात वैधता होती. त्या भरवशावर पीएचडी प्रवेशाच्या फॉर्ममध्ये ओबीसी-एनसीएलवर, म्हणजे ओबीसी नॉन-क्रीमीलेयरवर, खूण केली. मुलाखत झाली, निवड झाली, आणि कागद तपासताना टेबलापलीकडच्या मॅडमनी दाखला परत सरकवला. 'हा राज्याचा आहे.'

नीट ऐका. आयसर, आयआयटी, सीएसआयआरच्या प्रयोगशाळा, या सगळ्या विज्ञान-संशोधनाच्या संस्था केंद्राच्या. तिथे केंद्र सरकारच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो. तो वेगळा कागद आहे, वेगळा अर्ज करून काढावा लागतो. राज्याच्या नॉन-क्रीमीलेयरवर तीन वर्षांची मुदत दिसते म्हणून निर्धास्त राहू नका. केंद्राच्या संस्था बहुधा चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे १ एप्रिलनंतरचा दाखला मागतात. त्याआधी आपली जात केंद्राच्या यादीत आहे का तेही बघा, राज्याच्या यादीतल्या सगळ्याच तिथे नाहीत. जात वैधता तिथे कोणी विचारलीही नाही.

मला पंधरा दिवस दिले होते. सेतूत अर्ज, तहसीलला खेटे, उपविभागीय कार्यालयात साहेब निवडणुकीच्या कामात. दाखला सव्विसाव्या दिवशी आला. जागा गेली. बाबांना मी महिनाभर सांगितलंच नाही.

पण वर्ष वाया गेलं म्हणू नका. नागपूरला प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून राहिलो. आमच्या कॉलेजात डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर मशीन कव्हर घालून ठेवलेलं असायचं, इथे ते रोज हाताखाली आलं. 'मी बोलतो तिकडच्या सरांशी' म्हणणाऱ्यांच्या मागेही फिरणं सोडलं. त्यातलं कोणी खरंच बोललेलं मी कधी पाहिलं नाही. त्यापेक्षा ज्या लॅबमध्ये जायचंय तिथले दोन पेपर वाचा आणि चार ओळींचा मेल टाका. दहातले आठ उत्तर देत नाहीत. नाही दिलं तर नाही.

दुसऱ्या मुलाखतीत डीएनए तपासायच्या जेलचा फोटो समोर ठेवून विचारलं, 'इथे बँडऐवजी स्मिअर का दिसतोय?' म्हणजे स्वच्छ पट्टा यायच्या जागी फराटा का. डीएनए तुटलेला असेल, नाहीतर जेलमध्ये जास्त भरला असेल, म्हणालो. दोन्ही मी स्वतः करून बसलो होतो.