अमेरिकेत महाविद्यालयीन खेळाडूने विद्यापीठ बदलताना: नियम काय सांगतात आणि तयारी कशी करावी

अमेरिकेत विद्यापीठाच्या संघातून खेळणाऱ्या विद्यार्थ्याला आपले विद्यापीठ किती वेळा बदलता येते, याबाबत महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या डिव्हिजन वन या सर्वोच्च विभागात 2024 पासून संख्येची मर्यादा उरलेली नाही. मर्यादा आहे ती अभ्यासाची आणि तारखांची. म्हणून ज्याच्या मनात बदलीचा विचार आला आहे, त्याने नव्या संघाची चौकशी करण्याआधी स्वतःच्या क्रेडिटचा (पदवीसाठी विषयागणिक जमा होणाऱ्या एककांचा) हिशेब मांडावा, असे मी आग्रहाने सांगेन.

ही मोकळीक अलीकडची आहे. 15 ऑक्टोबर 2018 रोजी ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे बदली हवी असलेल्या खेळाडूंच्या नावांची ऑनलाइन यादी, सुरू होईपर्यंत दुसऱ्या विद्यापीठाशी बोलणी करण्यासाठी खेळाडूला आपल्याच विद्यापीठाची परवानगी मागावी लागत असे. पोर्टल आल्यानंतरही अमेरिकन फुटबॉल, पुरुष व महिला बास्केटबॉल, बेसबॉल आणि पुरुषांची आइस हॉकी या खेळांत बदली घेणाऱ्याला सर्वसाधारणपणे एक वर्ष सामन्यांबाहेर बसावे लागे. 2021 मध्ये ही अट पहिल्या बदलीपुरती सुटली, मात्र पदवी पूर्ण न करता दुसऱ्यांदा बदली घेणाऱ्यावर ती कायम राहिली. डिसेंबर 2023 मध्ये ओहायोसह सात राज्ये या अटीविरुद्ध वेस्ट व्हर्जिनियातील संघीय न्यायालयात गेली आणि न्यायालयाने अटीला तात्पुरती स्थगिती दिली. पुढे एप्रिल 2024 मध्ये एनसीएएने स्वतःच नियम बदलला. प्रशिक्षकाने आज एक संघ सोडून उद्या दुसऱ्या संघाची सूत्रे हाती घ्यावीत आणि खेळाडूने मात्र वर्षभर बाकावर बसावे, हा न्याय नव्हता, त्यामुळे हा बदल योग्यच झाला असे मला वाटते.

आता अटी पाहू. पदवीपूर्व खेळाडूने आधीचे विद्यापीठ सोडताना तो तिथे अभ्यासाच्या दृष्टीने पात्र असला पाहिजे, त्याच्यावर शिस्तभंगाची निलंबनाची कारवाई चालू नसावी आणि नव्या विद्यापीठात मैदानात उतरण्यापूर्वी त्याने पदवीच्या दिशेने ठरलेली प्रगती केलेली असावी. ही प्रगती टक्केवारीत मोजली जाते: दुसऱ्या वर्षाअखेर पदवीच्या 40 टक्के, तिसऱ्या वर्षाअखेर 60 टक्के आणि चौथ्या वर्षाअखेर 80 टक्के.

खरी अडचण येते ती इथे, कारण ही टक्केवारी नव्या विद्यापीठातील पदवीवर मोजली जाते. उदाहरणार्थ, एखाद्या खेळाडूने दोन वर्षांत 60 क्रेडिट मिळवली आणि नव्या विद्यापीठाने ती सगळी मान्यही केली, तरी त्यांपैकी निवडलेल्या पदवीच्या आराखड्यात 42 च बसत असतील, तर हिशेबात 42 च धरली जातात. पदवी 120 क्रेडिटची असल्यास 40 टक्के म्हणजे 48 क्रेडिट होतात. सहा क्रेडिट कमी पडली आणि ती उन्हाळी सत्रात भरून काढता आली नाहीत, तर तो खेळाडू संघात असूनही सामन्यात उतरू शकत नाही. दर बदलीत अशी काही क्रेडिट गळत जातात, त्यामुळे तिसरी किंवा चौथी बदली कागदोपत्री खुली असली तरी प्रत्यक्षात अवघड होऊन बसते. ‘तुझी सगळी क्रेडिट आम्ही घेऊ’ या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. कोणता विषय पदवीच्या कोणत्या रकान्यात बसतो, याचा लेखी तक्ता मागावा आणि तो मिळाल्याशिवाय होकार देऊ नये.

पदवी पूर्ण केलेल्या खेळाडूची वाट तुलनेने सोपी आहे. तो पात्र असताना बाहेर पडलेला असावा, नव्या ठिकाणी पूर्णवेळ पदव्युत्तर विद्यार्थी असावा आणि त्याने किमान गुण राखावेत.

क्रेडिटचा हिशेब जुळल्यावरच पोर्टलकडे वळावे. खेळाडूने आपल्या विद्यापीठाच्या कम्प्लायन्स (क्रीडा नियमांचे पालन पाहणाऱ्या) कार्यालयाला लेखी विनंती द्यायची असते. आवश्यक ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण झालेले असले, की विद्यापीठाने कामकाजाच्या दोन दिवसांत नाव पोर्टलमध्ये नोंदवायचे असते आणि त्याला नकार देता येत नाही. नाव नोंदले जाईपर्यंत दुसऱ्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकाने संपर्क साधणे नियमबाह्य आहे, मग तो निरोप मित्राकरवी आलेला का असेना. कुठे जायचे हे आधीच ठरले असेल, तर नावापुढे ‘संपर्क करू नये’ अशी खूण करून घेता येते.

नोंदणीची मुदत खेळागणिक वेगळी असते आणि ती वारंवार बदलते. अमेरिकन फुटबॉलमध्ये पूर्वी हिवाळ्यात आणि वसंतात अशा दोन मुदती होत्या, तर 2026 साठी 2 ते 16 जानेवारी एवढी एकच ठेवण्यात आली. मुख्य प्रशिक्षक बदलल्यास संघातील खेळाडूंना वेगळी मुदत मिळू शकते. मागच्या वर्षीच्या तारखा गृहीत न धरता चालू वर्षाच्या तारखा कार्यालयाकडून लेखी घ्याव्यात. मुदतीत फक्त नाव नोंदवायचे असते. नवे विद्यापीठ त्यानंतरही निवडता येते. मात्र एका विद्यापीठातून खेळून झाल्यावर त्याच शैक्षणिक वर्षात त्याच खेळात दुसऱ्या विद्यापीठातर्फे उतरता येत नाही.

विनंती देण्यापूर्वी पैशांचा विचार शांतपणे करावा. लेखी सूचना मिळाल्यावर विद्यापीठ चालू सत्राच्या अखेरीस क्रीडा शिष्यवृत्ती बंद करू शकते आणि खेळाडूने नाव मागे घेतले, तरी त्याला परत घेण्यास ते बांधील नसते. दुसरीकडून निमंत्रण आलेच नाही, तर खेळाडूच्या हाती ना संघ राहतो ना शिष्यवृत्ती. शिवाय 2025-26 पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली आहेत. त्या करारात मुदतीआधी सोडून गेल्यास पैसे परत करण्याचे कलम असू शकते. ते वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय पोर्टलची विनंती पाठवू नये.

एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्या परदेशी खेळाडूला आणखी एक काम करावे लागते. पोर्टलमधील नोंद आणि इमिग्रेशनची नोंद यांचा एकमेकींशी संबंध नसतो. आधीच्या विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी बोलून सेव्हिसमधील (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी संगणकीय नोंदवहीतील) नोंद कोणत्या तारखेला पुढे पाठवायची हे ठरवावे लागते आणि नव्या विद्यापीठाकडून नवा आय-20 (विद्यार्थी म्हणून पात्रता दाखवणारा दाखला) घ्यावा लागतो. नोंद पुढे पाठवण्याच्या तारखेपासून पाच महिन्यांच्या आत नवे वर्ग सुरू झाले पाहिजेत. म्हणून ती तारीख निश्चित करण्याआधी प्रवेशपत्र हातात असल्याची खात्री करावी.