विजेच्या दुचाकीला परवाना आणि विमा लागतो का, हे कसे ठरवावे

विक्रेत्याच्या ‘लायसन्सची गरज नाही’ या वाक्यावर विसंबून पैसे मोजण्यापूर्वी गाडीची कागदपत्रे मागून घ्यावीत. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या दुचाकीच्या मोटरची अर्ध्या तासाची शक्ती (म्हणजे ती सलग अर्धा तास देऊ शकते ती शक्ती) २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळता वजन ६० किलोपर्यंत असते, ती ‘मोटार वाहन’ ठरत नाही. त्यामुळे तिला नोंदणी, परवाना किंवा सक्तीचा विमा लागत नाही. मात्र या तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. तसे प्रमाणपत्र पुण्याच्या ‘एआरएआय’ (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) सारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचे आहे ना आणि त्यातील मॉडेल समोरच्या गाडीचेच आहे ना, हे ताडून पाहावे.

यातली एकही अट मोडली, तर हिरवी नंबरप्लेट, परवाना आणि १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे तृतीय पक्ष विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या हानीची भरपाई देणारा) बंधनकारक होतो. विम्याविना पहिल्यांदा पकडले गेल्यास २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते.

काही ठिकाणी वेगमर्यादा ‘काढून’ देण्याची सोय मोठ्या प्रेमाने सुचवली जाते. ती नाकारावी, कारण त्याबरोबर गाडीची सवलतही जाते. माझ्या मते हळू गाड्यांना परवान्याची सक्ती नको, पण विमा हवा, कारण ताशी २४ किलोमीटरची धडकही वृद्ध पादचाऱ्याचे हाड मोडू शकते. तूर्त असा विमा ऐच्छिक असल्याने विमा कंपनीकडे वैयक्तिक दायित्वाच्या संरक्षणाची स्वतंत्र चौकशी करावी.