मेट्रो कॉन्फिग करताना या चुका टाळा, नोड मॉड्यूल्स उडवायच्या आधी एरर वाचा

रिअ‍ॅक्ट नेटिव्हमधे (मोबाइल अ‍ॅप बनवायचं फ्रेमवर्क) काही अडलं की सल्ला ठरलेला असतो, नोड मॉड्यूल्स (इन्स्टॉल केलेल्या पॅकेजचं फोल्डर) डिलीट करा, परत इन्स्टॉल करा, कॅश (आधी करून साठवलेलं काम) उडवा. कधीकधी त्याने चालतंही, पण नक्की काय सुधारलं ते कळत नाही आणि तीच अडचण परत डोकं वर काढते. खरं तर मेट्रोचं, म्हणजे अ‍ॅपचा सगळा कोड एकत्र करणाऱ्या टूलचं, काम तीन टप्प्यांत चालतं, आधी इम्पोर्ट केलेली फाइल शोधायची, मग ती बेबलमधून (कोड चालेल अशा रूपात बदलणारं टूल) काढायची, मग सगळं जोडून बंडल, म्हणजे एकत्र फाइल, तयार करायचं. ‘अनेबल टू रिझॉल्व्ह मॉड्यूल’ आलं म्हणजे फाइलच सापडत नाहीये. सिंटॅक्स एरर आली म्हणजे सापडली पण बेबलला कळली नाही. आणि ‘अनेबल टू लोड स्क्रिप्ट’ आलं तर अ‍ॅपपर्यंत बंडल पोचलंच नाही, तिथे कॉन्फिग फाइल उकरत बसून बहुतेक वेळा काही हाती लागत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो डिफॉल्ट पुसले जाण्याने. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह ०.७२ पासून आपल्या मेट्रो कॉन्फिगने (मेट्रोच्या सेटिंगची फाइल) डिफॉल्ट कॉन्फिग आणून त्यावर मर्ज करायचं असतं, एक्स्पो (रिअ‍ॅक्ट नेटिव्हवर बांधलेलं तयार टूलकिट) असेल तर एक्स्पोचं डिफॉल्ट घ्यायचं. जुन्या प्रोजेक्टमधली फाइल तशीच उचलून आणली की इथेच गाडी अडते. पण मर्ज केलं म्हणजे झालं असंही नाही, कारण मर्ज करताना अ‍ॅरे (याद्या) एकत्र होत नाहीत, आपला अ‍ॅरे डिफॉल्टच्या जागी बसतो. समजा एसक्यूलाइटची डीबी (डेटाबेस) फाइल अ‍ॅपमधे टाकायची आहे म्हणून असेट (इमेज, फॉन्ट अशा कोड नसलेल्या फाइली) एक्स्टेन्शनच्या यादीत फक्त डीबी लिहिलं, तर पीएनजी, जेपीजी, फॉन्ट सगळे त्या यादीतून गेले, आणि मग बिल्ड कुठल्यातरी लोगोच्या फाइलवर अडकते आणि माणूस तो लोगो तपासत बसतो. डिफॉल्ट यादी आधी स्प्रेड करा (तीन टिंबांनी तशीच उतरवा), मग आपलं एक्स्टेन्शन जोडा.

एसव्हीजीचंही असंच. एसव्हीजीचा कंपोनंट बनवणारा ट्रान्सफॉर्मर लावला पण एसव्हीजी असेटच्या यादीतून काढलंच नाही, तर इम्पोर्ट केल्यावर कंपोनंटऐवजी एक नंबर हातात येतो आणि ‘एलिमेंट टाइप इज इनव्हॅलिड’ अशी एरर स्क्रीनवर येते. असेटमधून काढणं, सोर्समधे टाकणं आणि ट्रान्सफॉर्मरचा पाथ देणं, तिन्ही लागतात.

टाइपस्क्रिप्टच्या पाथ एलियासवर (लांब पाथला दिलेली छोटी नावं) पण लोक फार विश्वास ठेवतात. एडिटरमधे लाल रेघ गेली की वाटतं झालं काम, पण साध्या रिअ‍ॅक्ट नेटिव्ह प्रोजेक्टमधे मेट्रो ते पाथ बघतच नाही, बेबलमधे मॉड्यूल रिझॉल्व्हर प्लगिन लावून तेच एलियास परत द्यावे लागतात. नव्या एक्स्पोमधे हे आपोआप होतं, म्हणून तिथला धडा इकडे लावू नका. आणि बेबलची फाइल बदलली किंवा एनव्ही (एन्व्हायर्नमेंट सेटिंगच्या) फाइलमधली व्हॅल्यू बदलली की मेट्रो रीसेट कॅश हा पर्याय देऊन सुरू करा, नाहीतर जुनंच ट्रान्सफॉर्म झालेलं मिळू शकतं. कॅश उडवायचं हे खरं कारण आहे, प्रत्येक एररला उडवायची गरज नसते.

साध्या रिअ‍ॅक्ट नेटिव्हमधे मोनोरेपो (एकाच रेपोत अनेक पॅकेज) असेल तर वॉच फोल्डर्समधे, म्हणजे मेट्रोने बघायच्या फोल्डरच्या यादीत, वरचं फोल्डर द्यायलाच लागतं, नाहीतर शेजारचं पॅकेज मेट्रोला दिसत नाही. सिमलिंकसाठी (दुसऱ्या फोल्डरकडे नेणारा शॉर्टकट) पूर्वी जुगाड करावे लागायचे, ०.७३ पासून सपोर्ट स्थिर झालाय, ते जुने जुगाड आता काढून टाका. पण ‘इनव्हॅलिड हुक कॉल’ आला तर रिअ‍ॅक्टच्या दोन कॉपी आल्यात का ते आधी बघा, बऱ्याचदा दोन ठिकाणी रिअ‍ॅक्ट वेगवेगळं इन्स्टॉल झालेलं असतं आणि आपण आपला हुकचा कोड वाचत राहतो.

०.७९ वर अपग्रेड केल्यावर एखादं जुनं पॅकेज अचानक सापडेनासं झालं तर पॅकेज एक्स्पोर्ट्स (पॅकेजमधल्या कुठल्या फाइली बाहेरून इम्पोर्ट करता येतील ते पॅकेजनेच ठरवणं) आता डिफॉल्टने चालू आहेत हे लक्षात घ्या. ते बंद करता येतं, पण तात्पुरतं करा आणि पॅकेज अपडेट करा.

एक लहानशी पण छळणारी गोष्ट, फाइलच्या नावातलं कॅपिटल स्मॉल. मॅकवर कधीकधी चालून जातं, लिनक्सच्या बिल्ड सर्व्हरवर फाइल सापडत नाही. तसंच रिक्वायरमधे व्हेरिएबल टाकून इमेज आणता येत नाही, पाथ सरळ स्ट्रिंग म्हणूनच लिहावा लागतो, कारण मेट्रो कोड चालवून बघत नाही, फक्त वाचतो.

टेस्टरला डिबग एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल) पाठवली आणि लाल स्क्रीन आली तर घाबरू नका, डिबग बिल्डमधे सहसा बंडल नसतंच, ते ८०८१ पोर्टवरच्या मेट्रोकडून येतं. टेस्टरला रिलीज बिल्ड द्या. स्वतःच्या फोनवर यूएसबीने चालवत असाल आणि तरी हीच स्क्रीन येत असेल तर एडीबी रिव्हर्स (फोनचा पोर्ट कॉम्प्युटरच्या पोर्टला जोडणारी कमांड) वापरून ८०८१ जोडा, आणि त्या पोर्टवर दुसऱ्याच प्रोजेक्टचा मेट्रो बसलेला नाही ना तेही बघून घ्या.

एवढ्यावरही कळत नसेल तर कॉन्फिग फक्त डिफॉल्टवर आणा, रीसेट कॅशने चालवा, आणि मग आपला एकेक भाग परत घालत जा, ज्या भागाने एरर परत येईल तिथेच शोधा.