लेपर्ड गेकोची पिल्लं एकाच टाकीत ठेवताना

लेपर्ड गेकोला सोबत लागत नाही. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ मुलखातली ही पाल एकटी वाढली तरी झुरत नाही. दोन-तीन पिल्लं एकत्र ठेवायची ती आपल्या सोयीसाठी, आणि तीही काही महिन्यांपुरती. म्हणून टाकीच्याही आधी सुटे डबे घ्या: जितकी पिल्लं तितके, साधारण ३५ × २५ सेंटिमीटर तळाचे, बाजूंना हवेची भोकं पाडलेले. भांडण बहुधा रात्री होतं, तेव्हा दुकानं बंद असतात.

(महाराष्ट्राच्या रानात दिसणारी युब्लेफॅरिस फस्कस ही हिची जवळची पण वेगळी जात. ती पकडून आणायची नाही. हे सगळं पैदास केंद्रात जन्मलेल्या पिल्लांबद्दल आहे.)

अंड्यातून निघालेलं पिल्लू ३-४ ग्रॅमचं असतं. वजनात पाचव्या हिश्श्याहून जास्त फरक असलेली पिल्लं एकत्र घालू नका. वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेली असतील तर आधी ६० ते ९० दिवस वेगळी ठेवून विष्ठा तपासून घ्या. भीती क्रिप्टोस्पोरिडियम या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीची असते: शेपटी काडीसारखी होते, वजन घटत जातं, आणि खात्रीचा इलाज नाही. एका टाकीत एकाला झाला की सगळ्यांना झाला असंच धरावं लागतं.

तिघांना ९० × ४५ सेंटिमीटरची टाकी लागते. तळाला किचन रोलचा कागद. वाळू नको, कारण पिल्लं भक्ष्याबरोबर ती गिळतात आणि आतडं तुंबतं. हीट मॅट, म्हणजे खालून ऊब देणारी विजेची चटई, एका टोकाकडच्या एक-तृतीयांश तळाखाली, टाकीच्या पूर्ण रुंदीभर लावा. तिचं तापमान ताब्यात ठेवणाऱ्या थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅटच्या बरोबर वर, तळाशी चिकटवा. तिथे ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड टोकाला २४ ते २६ हवं. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावली की पोट भाजतं.

मॅट रुंदीभर लावण्याचं कारण लपायच्या जागा. उबदार टोकाला तीन छोट्या गुहा शेजारी शेजारी बसल्या पाहिजेत, थंड टोकाला आणखी तीन, आणि मधे ओलसर मॉस (शेवाळ) घातलेल्या दोन, कात टाकायला. उबदार गुहा एकच असली की धीट पिल्लू ती बळकावतं. दुसरं थंडीत बसतं, खाल्लेलं त्याला पचत नाही, ते मागे पडतं आणि मग आणखी दबतं. एकमेकांच्या अंगावर झोपलेली पिल्लं पाहून लोक फोटो काढतात. ती माया नसते, जागेची मारामारी असते.

खायला घालायचं ते मात्र टाकीत नाहीच. प्रत्येकाला त्याच्या डब्यात घ्या आणि १५ मिनिटं द्या. शिकारीच्या भरात भावंडाचं हलणारं बोट किंवा शेपटीचं टोकही किडाच वाटतं, आणि बहुतेक चावे इथेच बसतात. वेगळं खाऊ घातल्याने कोण किती खातो हेही कळतं. रोज ५ ते ७ रातकिडे, दोन डोळ्यांमधल्या अंतराहून रुंद नसलेले, कॅल्शियमची पूड लावून. आठवड्यातून एकदा मल्टिव्हिटॅमिन. उरलेले किडे काढून टाका, रात्री ते पिल्लालाच कुरतडतात.

०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवा. एखाद्याचं वजन दोन आठवडे वाढलं नाही, एक पिल्लू सतत थंड कोपऱ्यात दिसलं, बोटावर किंवा शेपटीवर खूण दिसली, किंवा एक जण शेपटी उंचावून सावकाश डुलवत दुसऱ्याकडे सरकला, तर त्याच दिवशी वेगळं करा. हलवायचं ते दांडग्याला. दबलेल्याला ओळखीची जागा राहू द्या.

नर-मादी उबवण्याच्या तापमानावर ठरते: २६ अंशांच्या आसपास बहुतेक माद्या, ३२ च्या पुढेमागे बहुतेक नर. तरी विक्रेत्याच्या शब्दावर थांबू नका. दोन-तीन महिन्यांनंतर मागच्या पायांमध्ये भिंगातून पाहा. उलट्या व्ही आकारात मेणचट छिद्रांची ठळक रांग दिसली की तो नर. दोन नर वयात आले की एकमेकांना फाडतात. नराजवळची लहान मादी अंग भरण्याआधीच अंडी धरते आणि तिच्या हाडांतलं कॅल्शियम संपतं. नर ओळखू आला की तो कायमचा वेगळा.

शेपटी तुटलीच तर रक्त थोडंच येतं. पिल्लू डब्यात, स्वच्छ कागदावर, रोज कागद बदलत ठेवा. जखम भरेपर्यंत मॉस नको, त्याऐवजी ओला कागद. चरबीचा साठा गेलेला असतो, म्हणून रोज खाऊ घाला. जखम सुजली किंवा काळी पडत वर सरकली तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. नवी शेपटी येते, आखूड आणि गुळगुळीत. ती आली तरी पिल्लाला परत त्या टाकीत सोडू नका.