जुन्या डिझेल पिकअपची वायरिंग पछाडल्यासारखी वागते तेव्हा

इंडिकेटर दिला की डॅशबोर्डचे दिवे मिणमिणतात. हेडलाइट लावला की टेंपरेचरचा काटा वर चढतो. पुण्याच्या मार्केट यार्डात माल उतरवणाऱ्या जुन्या पिकअपमध्ये, त्यातही पावसाळ्यात, असले प्रकार सर्रास दिसतात. मालक आधी बॅटरी बदलतो, मग डायनामो. खिसा रिकामा आणि बिघाड आहे तिथेच. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन गोष्टी एकदम बिघडल्या, तर पहिला संशय अर्थिंगवर घ्यावा, म्हणजे करंट गाडीच्या धातूतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जातो त्या जोडांवर. ही परतीची वाट बंद झाली की करंट दुसऱ्याच दिव्यातून घुसतो.

डिजिटल मल्टिमीटर, पॉलिश पेपर, पाने आणि दोन वायरी जोडलेला २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब एवढं पुरे. नसेल ते नाना पेठेत मिळेल.

१. बॅटरी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे फुल चार्ज. १२ च्या आसपास असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर पुढची सगळी मापं फसवी येतील. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ हवेत. ते नसतील तर किल्ली फिरवल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागतो का पाहा. बऱ्याच जुन्या गाड्यांत डायनामोला सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो. छोटासा बल्ब उडतो आणि डायनामो बदलला जातो. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून ‘टेस्ट’ करणारे अजून भेटतात. डायनामोचे डायोड त्यानेच जळतात.

२. आता अर्थिंग. इथे घाई नको. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी पिन थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. डिझेल पंपाच्या सोलेनॉइडची (विजेवर चालणारी, डिझेल चालू-बंद करणारी झडप) वायर काढून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. मग हेडलाइट आणि ब्लोअर लावून चासी, केबिन आणि मागच्या दिव्याची अर्थ वायर याच रीतीने तपासा. ओहमवर मोजून समाधान मानू नका: अर्थ वायरच्या वेणीतली एकच तार शिल्लक असली तरी मीटर जोड चांगला दाखवतो, पण सेल्फला लागणारा शे-दोनशे अँपियर करंट त्या तारेतून जात नाही. मग तो ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परततो. सेल्फ मारल्यावर ती केबल हाताला गरम लागली, तर इंजिनची अर्थ पट्टी गेलीच म्हणायची. बोल्ट काढा, थिंबलखालचा (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) गंज आणि रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावा.

३. फ्यूज सारखा उडत असेल तर मोठा फ्यूज किंवा तार घालू नका; आग लागते ती अशीच. फ्यूजच्या जागी तो २१ वॅटचा बल्ब जोडा आणि त्या लाइनवरचे दिवे बंद ठेवा. बल्ब भक्क पेटला म्हणजे शॉर्ट आहे. आता हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हलवत चला: चासीच्या क्लिपा, टेल लॅम्पमागचं वळण, आणि नंतर बसवलेल्या म्युझिक टेप किंवा जादा लाइटचे जोड. जिथे हात लावताच बल्ब विझतो, तिथेच वायर सोलली आहे.

४. बॅटरी रात्रीत उतरत असेल तर निगेटिव्ह वायर काढून मध्ये मीटर १० अँपियरवर जोडा. या अवस्थेत सेल्फ मारू नका, मीटर जाईल. ५० मिलिअँपियरपेक्षा जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडेल ती लाइन गुन्हेगार. कशानेच पडला नाही तर डायनामोचा डायोड गळत असू शकतो.

५. कात्रजच्या घाटात खड्डा लागला आणि इंजिन एकदम बंद पडलं, तर डिझेल फिल्टरच्या मागे लागण्याआधी पंपावरचं सोलेनॉइड पाहा. यांत्रिक पंपाच्या इंजिनाला चालत राहायला वीज लागते ती बहुधा एवढ्याच ठिकाणी. इंजिन चालू ठेवून ती वायर आणि इग्निशनचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) हलवा. इंजिन अडखळलं की जागा सापडली. जोड नुसता पिळून टेप गुंडाळू नका. थिंबल दाबून बसवा, वर स्लीव्ह चढवा आणि वायर इंजिनच्या गरम भागापासून लांब बांधा.