घरी जुनी फियाट दुरुस्त करून उभी करताय? या चुका टाळा

दसऱ्याच्या पुढेमागे मला ठरलेले फोन येतात. काका, पद्मिनी घेतलीय, स्वस्तात मिळाली, खाली थोडा गंज आहे, दिवाळीपर्यंत रस्त्यावर येईल ना? नाही येणार. या दिवाळीलाही नाही आणि बहुतेक पुढच्याही नाही. आणि थोडा गंज असलेली पद्मिनी मी तरी अजून बघितलेली नाही, वर थोडा दिसतो तेव्हा आत भरपूर असतो.

गाडी काय आहे हे आधी समजून घ्या. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाट 1100 बनायची, 1974 पासून तिचं नाव पद्मिनी झालं, आणि 2000 च्या आसपास उत्पादन बंद पडलं. म्हणजे तुमच्या हातात येणारी गाडी कितीही नवी म्हटली तरी पाव शतकाचे पावसाळे खाल्लेली. जीपसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, हिला नाही, बॉडी हीच चासी. जीपचा पत्रा सडला तर जीप कुरूप दिसते, फियाटचा सडला तर गाडीचा कणाच जातो. हे डोक्यात बसलं की खालच्या अर्ध्या चुका आपोआप टळतात.

लांबी (पुट्टी) भरून गंज झाकणे

ही चूक बघून बघून मी खरंच थकलोय. इस्लामपूरकडचा एक पोरगा, बँकेत नोकरीला, आजोबांकडे होती तशी पाहिजे म्हणून क्रीम कलरची 1985 ची गाडी घेतली आणि थेट डेंटर-पेंटरकडे सोडली. पाडव्याला गाडी घरी, हार घातलेला फोटो सगळ्यांना गेला. नागपंचमीच्या सुमाराला दाराच्या खालच्या कडेला फोड यायला लागले, मग एक दिवस पंक्चरवाल्याने जॅक लावला तर गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच पत्र्यात वर गेला. तेव्हा तो माझ्याकडे आला.

मी पहिल्यांदा लोहचुंबक लावलं, दाराखालच्या पत्र्याच्या पेटीला, गॅरेजवाले तिला रनिंग बोर्ड म्हणतात. चिकटेना. मग छिन्नीने कडेला हळूच ठोकलं तर अंगठ्याएवढ्या जाडीची लांबीची अख्खी फळी निघून हातात आली. तिच्या मागे तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा, चार पॉप रिव्हेट मारून बसवलेला, आणि त्याच्या मागे वर्तमानपत्राचे बोळे. ओले. दाबले की पाणी निघत होतं. गाडीचा रंग मात्र आरशासारखा होता. त्या पोराने दिलेल्या पैशात दोन्ही बाजूंचे रनिंग बोर्ड नवीन पत्र्याचे झाले असते आणि वर वेल्डरची मजुरी निघाली असती.

लांबी वाईट नाही. नीट ठोकून सरळ केलेल्या, स्वच्छ पत्र्यावर पोस्टकार्डाच्या जाडीएवढा थर मारायला ती असते. भोक बुजवायला ती नसतेच, कारण ती पाणी धरते आणि मागचा पत्रा आतून गंजतच राहतो, तुम्हाला फक्त वर्षभराने कळतं. माझी सवय सांगतो. गाडी घ्यायच्या आधी खिशात लोहचुंबक आणि जुना स्क्रू ड्रायव्हर. रनिंग बोर्ड, जॅक लावायची जागा, पुढच्या पायाखालचा फ्लोअर, बॅटरीखालचा ट्रे, डिकीत स्टेपनीची खळगी, मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे बॉडीला धरतात ती जागा, हेडलाइटच्या मागे मडगार्डच्या आत. एवढ्या ठिकाणी टोचून बघायचं. मालक रागावला तर रागावू दे. ज्याला टोचू द्यायचं नाही त्याची गाडी घेऊ नका.

याच पोराची पुढची गोष्ट, आणि ही जास्त महाग पडली. मी म्हटलं थांब, वेल्डर येऊ दे, आधी आधार देऊ. पण घाई. रविवारी घरी ग्राइंडर आणला, गाडी पुढे आणि मागे ठोकळ्यांवर चढवली, आणि दोन्ही बाजूंचे सडके रनिंग बोर्ड एका दमात कापून काढले. संध्याकाळी दार लावायला गेला तर दाराचा वरचा मागचा कोपरा खांबाला आपटतोय, लागेचना. मधला आधार गेल्यावर बॉडी मधोमध खाली बसली होती. मग मधे जॅक लावून दोराएवढं दोराएवढं वर घेत दाराची फट सारखी केली, दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल तिरके टाके मारून बसवले आणि मगच नवीन पत्रा घातला. तरी डावं मागचं दार आजही थोडं उचलूनच लावावं लागतं.

तर क्रम असा ठेवा. दारं बसवलेली असतानाच चारही फटी मोजून लिहून ठेवायच्या, चौकटीत अँगलचा आधार टाकायचा, एका वेळी एकच बाजू कापायची, ती पूर्ण बसली की दुसरी. पत्रा 18 गेजचा सीआर शीट, डब्याचा नाही. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात माप दिलं की बेंडिंग मशीनवर वाकवून देतात, तुमच्या गावातही फॅब्रिकेशनवाला असेलच. वेल्डिंग गॅसने नको, पत्र्याला पीळ पडतो. सीओटू वेल्डिंग करणारा शोधा आणि त्याला सांगा, सलग ओढू नको, लांब लांब टाके मार, एक इथे एक तिथे, हात लावून गार झाला की पुढचा. तो कंटाळेल. चहा पाजा पण सलग ओढू देऊ नका. आणि पेटी बंद करण्याआधी आतून प्रायमर गेला पाहिजे, टाक्यांजवळचा जळतो म्हणून नंतर खालच्या भोकांतून पातळ मेण किंवा गिअर ऑइल फवारायचं. ती खालची भोकं पाणी निघायला कंपनीने ठेवलेली आहेत, वेल्डर बुजवून टाकतो, लक्ष ठेवा.

पाणी कुठून येतं हे न बघता फ्लोअर बदलणे

नवीन फ्लोअर घातला, दोन पावसाळ्यांत परत गेला, अशा गाड्या मी बघितल्यात. फ्लोअर सडतो तो बहुतेक वरून, पुढच्या काचेचं रबर कडक होऊन सुटलेलं असतं, पाणी आतून उतरून कार्पेटखाली बसतं, आणि खालचा ज्यूटचा थर ते आठवडे आठवडे धरून ठेवतो. साधी गोष्ट करा, सीट आणि कार्पेट काढा, एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने हळूहळू पाणी सोडायचं, खालून वर जात जात, आधी दार, मग काच, मग छताची पन्हळ. जिथून थेंब दिसला तिथे खडूने खूण. मग रबर बदला आणि मग फ्लोअर.

सगळी गाडी एकदम खोलणे

पहिल्या आठवड्यात उत्साह असतो, तेव्हा पोरं सगळं खोलतात. सहा महिन्यांनी अंगणात सांगाडा, तीन पोती सामान आणि घरात भांडणं. जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत "काम अर्धं झालंय" म्हणून विकायला असलेल्या गाड्या याच असतात, आणि त्या घेऊही नका, कारण हरवलेलं सामान कुणालाच माहीत नसतं.

एक भाग खोला, तो पूर्ण करा, जागेवर लावा, मग पुढचा. ब्रेक आधी, मग पत्रा, मग इंजिन, मग वायरिंग, रंग सगळ्यात शेवटी. नटबोल्ट किराणावाल्याच्या जाड पिशव्यांत, आत कागदावर पेन्सिलने लिहायचं, शाईने नको, तेल लागलं की शाई जाते. मोबाइलमध्ये फोटो काढा पण त्यावर भरवसा ठेवू नका, कोणती वायर कुठे गेली त्याची वहीत आकृती काढली की डोक्यात राहते. जुना तुटका पार्ट नवीन बसेपर्यंत फेकायचा नाही, लेथवाल्याला नमुना लागतो. जुन्या पार्टसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, तिथेही नमुना हातात घेऊनच जा, नाहीतर मिळतंजुळतं काहीतरी गळ्यात मारतात. आणि फियाटचे बोल्ट एमएमचे आहेत, अँबेसिडरवाल्या मिस्त्रीकडचे इंची पाने लावून बोल्टची डोकी गोल करू नका.

गंज काढायला ॲसिड

बाथरूमचं ॲसिड ओततात आणि पत्रा चकचकीत झाला म्हणून खूश होतात. ते सांध्यात शिरतं, धुतलं तरी निघत नाही, रंगाखालून परत गंज येतो. आणि उघडी बाटली शेडमध्ये ठेवली तर वाफेने तुमचे पानेसुद्धा गंजतात.

सुट्या भागांना मळी (मोलॅसिस) वापरा. आपल्याकडे साखर कारखाने आहेत, गुरांच्या खाद्याची मळी मिळते. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, पिंपात भाग बुडवून एक-दोन आठवडे विसरून जायचं. वास येतो, घरापासून लांब ठेवा. गंज निघतो आणि चांगलं लोखंड तसंच राहतं. ॲल्युमिनियमचं काही टाकू नका, कार्ब्युरेटर तर मुळीच नाही, ते खाल्लं जातं. मळी नसेल तर किराणा दुकानातलं लिंबूफूल गरम पाण्यात, पण ते रात्रभरच, आणि बाहेर काढल्यावर सोड्याच्या पाण्यात बुचकळून लगेच कोरडं करून प्रायमर.

धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जरची पद्धतही चांगली आहे. सोड्याच्या पाण्यात दोन्ही बुडवायचे, भाग चार्जरच्या निगेटिव्हला, भंगार लोखंड पॉझिटिव्हला. पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो म्हणून उघड्यावरच करा.

प्रायमरवर गाडी सोडून देणे

साधा प्रायमर पाणी पितो. मे महिन्यात प्रायमर मारून पैसे संपले म्हणून पावसाळाभर तशीच ठेवली तर ऑक्टोबरात सगळं घासून परत पहिल्यापासून. मधे थांबावं लागणार असेल तर दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर मारा, महाग आहे पण एकदाच. आणि वरून ताडपत्री घट्ट बांधू नका, आत घाम धरतो. पत्र्याचं छप्पर, बाजू मोकळ्या, एवढं पुरे.

पावसाळी हवेत रंग मारला की रंग पांढरट पडतो, तेव्हा जूनपासून सप्टेंबर गन हातात घेऊच नका. हार्डनर मिसळून मारायचा टूके रंग तर घरी नकोच. त्याच्या फवाऱ्यातल्या आयसोसायनेट या रसायनाने दमा लागतो आणि तोंडाला बांधलेल्या रुमालाने काहीही अडत नाही. तेवढं काम बूथवाल्याला द्या, पॉलिश पेपर मारून तयार गाडी नेली तर तो कमी पैसे घेतो.

खाली डांबर फासणे तर आणखी वाईट, आतला गंज डांबराखाली निवांत पसरतो.

पेट्रोलची टाकी वेल्डिंगला देणे

नाही. रिकामी असली तरी नाही, धुतलेली असली तरी नाही. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, आतली वाफ पेटते आणि टाकी फुटते. भोक असेल तर दुसरी टाकी शोधा. मुंबईतल्या काळ्यापिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेल्या, त्यांचं सामान भंगार बाजारात आलेलं आहे.

टाकी चांगली असली तरी आजच्या पेट्रोलचं बघा. 20 टक्के इथेनॉल आहे, ते जुनी रबरं खातं आणि हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. नळ्या, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, कार्ब्युरेटरचं किट, सगळं इथेनॉल चालणारं घाला. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर पेट्रोल काढून ठेवा.

जाम इंजिनला सेल्फ (स्टार्टर) मारणे

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी आणली की पहिलं काय, तर नवी बॅटरी लावून सेल्फ. किंवा चार पोरं लावून धक्का. पिस्टनच्या रिंगा तुटतात. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल सोडा, दोन-चार दिवस द्या, मग पुलीच्या नटाला पाना लावून हाताने हलवा. जरासा इकडे जरासा तिकडे. फिरलं की जुनं ऑइल काढून नवीन, आणि मगच सेल्फ. जोर लावायचा मोह होतो तेव्हा घरी जाऊन जेवा.

ब्रेकमध्ये मिळेल ते तेल ओतलेलं मी बघितलंय. इंजिन ऑइलने ब्रेकची सगळी रबरं फुगतात आणि चाकं जाम होतात. ब्रेकचं तेल डॉट 3, सीलबंद डब्यातलंच. आणि गाडीखाली जाताना विटांवर नाही, जॅकवर तर नाहीच, लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर).

कागद नंतर बघू म्हणणे

खरं तर हे सगळ्यात आधी करायचं. आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवरचा नंबर स्वतः डोळ्यांनी जुळवा, एकेक आकडा. मालक वारला असेल तर वारसांच्या सह्या झाल्याशिवाय पैसे देऊ नका. पंधरा वर्षं झाली म्हणून आपल्याकडे खासगी गाडी आपोआप भंगारात जात नाही, आरटीओत तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढते, पर्यावरण कर लागतो. पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपातली असेल तर 2021 च्या नियमांनी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, पण त्या गाडीने रोज ऑफिसला जाता येत नाही, हे ठरवून घ्या. रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद लागते, इंजिन बदललं तरी लागते.

आणि ग्राइंडरवाल्याला गाडी द्यायच्या आधी चासी नंबरच्या पट्टीवर जाड चिकटपट्टी लावा, वर मार्करने "हात लावू नये" लिहा. आधी कागद ठेवून पेन्सिल घासून नंबरचा छाप काढा, फोटो काढा, दोन्ही आरसीच्या झेरॉक्सला जोडून ठेवा. पत्रा घासताना तो नंबर पुसला गेला की तपासणीला गाडी अडते, आणि मग तुमचा रंग कितीही चांगला असू दे, ती गाडी तुमच्या नावावर आहे हे सिद्ध करत आरटीओच्या खिडक्यांपुढे वर्ष जातं.